एका गोळीची परीक्षा
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला 'रेल्वेतल्या गमतीजमती' या विषयावर बोलायला सांगितले होते. मीच विनंती करून विषय बदलून घेतला. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांची देखभाल पाहणारा माणूस. तेव्हा बोलण्यात काही कमी-जास्त झाले तर सभेत बसलेल्या डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

२००९ साली आम्ही गणपतीला गावी, खानापूरकडे, गेलो होतो. धाकटा भाऊ पंचवीस वर्षांचा. मूर्ती घेऊन उंबरा ओलांडताना तो अडखळला. मूर्ती वाचली, पण आई रागावली, "पाय उचलून टाक की रे!" त्याच सुमारास त्याच्या पायातली चप्पल चालता चालता सुटून मागे राहायची आणि त्याला कळायचेही नाही. आम्ही हसायचो. आज त्या हसण्याची आठवण झाली की बरे वाटत नाही.

एका दवाखान्यात कमरेच्या मणक्याचे निदान झाले, आठ महिने पट्टा बांधला. दुसरीकडे नस दबली म्हणाले. मध्यंतरी एका गृहस्थांनी खात्रीची भुकटी दिली. तिचे बत्तीस हजार रुपये मीच मोजले, पगारातून, बायकोला न सांगता. (तिला आज पहिल्यांदा कळते आहे.) भुकटीने काय झाले ते पुढे सांगतो.

२०१२ साली निम्हान्सला गेलो. आपल्या बनशंकरीहून रिक्षाने फारसे लांब नाही, रोज त्या रस्त्याने जाणारे आपल्यात कितीतरी आहेत. तिथल्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. भावाला पाऊल वर उचलायला सांगितले, ते उचलेना. मग गुडघा सरळ करायला सांगून नडगीवर जोर दिला, तर पाय दगडासारखा घट्ट! मांडीचा पुढचा स्नायू शाबूत आणि पावलाचा गेलेला, एवढ्यावरूनच त्यांना संशय आला. पुढे स्नायूचा तुकडा काढून तपासला, जनुकाची तपासणी झाली आणि नाव कळले: जीएनई मायोपॅथी.

हा आजार जपानमध्ये डॉ. नोनाका यांनी १९८१ साली वर्णन केला. १९८४ साली इस्रायलमध्ये डॉ. अर्गोव्ह यांनी इराणी ज्यू कुटुंबांत तो दाखवला. दोन्ही एकच आहेत हे नक्की व्हायला २००१ साली जनुक सापडेपर्यंत थांबावे लागले. आपल्याकडे निम्हान्सच्या डॉ. नलिनी व सहकाऱ्यांनी २०१० साली २३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर यांनीही यावर लिहिले आहे. विशी-तिशीत पावलापासून सुरुवात होते, मग पिंढऱ्या, मांडीचा मागचा भाग, पुढे हात. बुद्धीला काहीही होत नाही. दहा-वीस वर्षांत बहुतेकांना चाकाची खुर्ची लागते.

दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच आजार होतो, आणि अशा आईवडिलांच्या प्रत्येक अपत्याला चारात एक एवढी शक्यता असते. डॉक्टरांनी हे समजावल्यावर आईने तीन तीनदा विचारले, "म्हणजे माझ्याकडून की ह्यांच्याकडून?" डॉक्टर म्हणाले, दोघांकडूनही, सारखेच. त्या दिवसापासून आमच्या घरातले आजोळ विरुद्ध काकामंडळी हे जुने भांडण मिटले. माझीही तपासणी झाली. दोषाची एक प्रत माझ्यातही आहे. मला त्याने काही होत नाही. तीन मजले मी आजही जिना चढून जातो आणि दर पायरीला भाऊ आठवतो.

आता औषधाकडे येतो. आपल्या पेशींवर सियालिक आम्ल नावाच्या पदार्थाचे आवरण असते. ते तयार करणाऱ्या यंत्रणेचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे हे जीएनई. यंत्र कमी उत्पादन देते तर माल बाहेरून पुरवावा, असा साधा विचार. २००९ साली जपानी शास्त्रज्ञांनी असा आजार असलेल्या उंदरांना आधीपासून हा पदार्थ दिला, तेव्हा त्यांचे स्नायू टिकले. त्यानंतर शरीरात हळूहळू सुटणारी गोळी एका अमेरिकन कंपनीने माणसांवर तपासायला घेतली. दुसऱ्या टप्प्यात ४७ रुग्ण होते. रोज ६ ग्रॅम घेणाऱ्यांच्या हातांची ताकद थोडी बरी टिकल्याचे दिसले आणि सगळीकडे आशा पसरली. आमच्या घरात तर फारच.

तिसऱ्या टप्प्याची केंद्रे परदेशात होती. भाऊ म्हणाला, "दादा, जमीन विकू, पण मी तिकडे जातो." मी त्याला माहितीपत्रक वाचून दाखवले. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि मोजणाऱ्या डॉक्टरलाही नाही. भाऊ भडकला. "आजारी माणसाला वर्षभर खोटी गोळी द्यायची? हा काय न्याय?"

त्याला मी माझ्या कामातले उदाहरण दिले, तेच तुम्हाला देतो. कॅसलरॉक ते कुळे हा आमचा घाट आहे, चढ ३७ ला १. तिथे वळणावर बाहेरच्या रुळाची आतली कड चाकाने घासून झिजते, म्हणून तिला वंगण देतात. समजा, उद्या कोणी नवे वंगण आणून म्हणाला, "साहेब, झीज निम्मी होते." मी एका वळणाला ते लावले आणि वर्षाने झीज कमी भरली. मग वंगणाचा गुण सिद्ध झाला का? त्या वर्षी मालगाड्या कमी धावल्या असतील. वळणच सौम्य असेल. मोजणाऱ्या ट्रॅकमनला वंगण आवडले असेल आणि गेज थोडा सैल धरला असेल! म्हणून सारखी वळणे घ्यायची, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना नवे लावायचे, निम्म्यांना जुने, आणि मोजणाऱ्याला कुठे काय आहे ते सांगायचे नाही. रूळ बोलत नाहीत म्हणून तिथे हे सोपे जाते. माणूस आशेने बोलतो. औषध घेतो आहे या नुसत्या भावनेने तो त्या दिवशी जास्त जोर लावून मूठ आवळतो.

भाऊ गप्प बसला. पटले असे मात्र म्हणाला नाही. गेला नाही एवढे खरे.

ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल आला. ८९ रुग्ण, ४५ औषधावर, ४४ नुसत्या गोळीवर, ४८ आठवडे. खांदा, कोपर व मूठ यांची ताकद किलोमध्ये मोजून तिची बेरीज करत. नुसत्या गोळीवाल्यांची ताकद सरासरी २.९९ किलोने घटली, औषधवाल्यांची २.२५ किलोने. फरक पाऊण किलोचा, आणि तो निव्वळ योगायोगानेही पडू शकेल इतका. कंपनीने काम थांबवले.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. औषधवाल्यांचीही ताकद घटलीच. समोर ठेवायला ते ४४ जण नसते तर कोणीही म्हटले असते, "बघा, वर्षात सव्वादोन किलोच गेले, एरवी चार गेले असते." त्या चाराला आधार काय? काही नाही. माझ्या बत्तीस हजारांच्या भुकटीचे नेमके हेच झाले होते. सहा महिन्यांनी त्या गृहस्थांना विचारले तर उत्तर मिळाले, "घेतली नसती तर याहून वाईट झालं असतं." यावर मी काय बोलणार? माझ्याकडे तुलनेला दुसरा भाऊ नव्हता.

निकाल वाचल्यावर भाऊ दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "त्या माणसांनी रोज बारा-बारा गोळ्या खाल्ल्या रे, वर्षभर. आणि निम्म्यांच्यात काहीच नव्हतं." एवढेच.

गोष्ट तिथे संपली नाही. जपानमध्ये रुग्णांनी २००८ साली संघटना काढली होती आणि सह्या गोळा करून सरकारच्या मागे लागले होते. तोहोकू विद्यापीठाच्या डॉ. आओकींनी याच औषधाच्या वेगळ्या चाचण्या केल्या. पहिलीत २० रुग्ण, पुढची त्याहून लहान. त्यांत गुण दिसला आणि मार्च २०२४ मध्ये जपानने औषधाला मान्यता दिली. एका ठिकाणी ८९ जणांत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी २० जणांत आहे, मग खरे काय? माझे मत विचाराल तर मी अजून कुंपणावर आहे. एवढ्या दुर्मिळ आजारात माणसेच मोजकी, प्रत्येकाची झीज वेगळ्या गतीची. घासलेला रूळ वंगणाने परत जाड होत नाही, तसे हे औषधही गेलेली ताकद आणून देणारे नाही. उरलेली जास्त दिवस टिकावी, एवढाच हिशोब. भाऊ मात्र कुंपणावर नाही. तो म्हणतो, मला मुठीतला चमचा आणखी पाच वर्षे पुरला तरी चालेल.

आपल्याकडचे बरेच रुग्ण जनुकातल्या एका ठरावीक बदलाचे आहेत, जपान्यांत किंवा इराणी ज्यूंत सहसा सापडतो त्याहून वेगळ्या. त्यामुळे तिकडचा निकाल जसाच्या तसा आपल्याला लागू पडेल असे धरून चालता येत नाही. 'वर्ल्ड विदाउट जीएनई मायोपॅथी' ही आपल्या देशातली संस्था रुग्णांना एकत्र आणते आणि संशोधनाला पाठबळ देते. कधीतरी इथेही चाचणी होईल. तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला, मग आजार कोणताही असो, तर कागद नीट पाहा. २०१९ च्या नियमांप्रमाणे नीतिसमितीची मंजुरी लागते, चाचणीची सरकारी नोंद लागते, इजा झाली तर भरपाई आहे, आणि मधेच 'नको' म्हणून बाहेर पडता येते. तपासले जाणारे औषध कोणी तुम्हालाच पैसे घेऊन विकू लागला, तर माझी भुकटी आठवा.

आमच्या घरी एक दोनशे पानी वही आहे. २०१३ पासून दर तपासणीला डाव्या-उजव्या मुठीची ताकद मी तिच्यात लिहितो, झिजेच्या नोंदवहीसारखी. पहिल्या पानावर उजव्या हाताला ३१ किलो आहे, शेवटच्या पानावर १४. शेरा लिहायचा रकाना मी आखला होता. तो रिकामाच आहे.

भाऊ तिसऱ्या रांगेच्या टोकाला, खुर्चीत बसला आहे. मंडपाच्या पायरीवर यंदा फळी टाकल्याबद्दल मंडळाच्या पोरांचे त्याने मला खास आभार मानायला सांगितले होते, ते राहून जात होते. बँकेत नोकरी करतो, हिशोबात माझ्यापेक्षा पक्का आहे. आरतीला अजून वीस मिनिटे आहेत. काही विचारायचे असेल तर मला नको, त्यालाच विचारा. त्याला आवडते.