रस्ता, अपघात आणि आपले हक्क
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर रस्ते, अपघात आणि कोर्टकचेरी यांचे काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. माझे उत्तर सरळ आहे. घरातला कमावता माणूस रस्त्यावर पडला की पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर बसतो. थोरला मुलगा शाळा सोडून गॅरेजवर जातो, मुलगी घरी बसते, आणि धाकट्याची फी थकते. म्हणून हा विषय वकिलांचा जितका, तितकाच पालकांचाही आहे.

आपले धानोरा गडचिरोलीहून मुरूमगावमार्गे छत्तीसगडात जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर वसले आहे. दोन्ही बाजूंना जंगल, वळणे, रात्री रस्त्यावर बसलेली जनावरे, धानाच्या हंगामात दिव्याविना चाललेले ट्रॅक्टर, आणि त्यातूनच वाट काढणारे अवजड ट्रक. जिल्ह्यातली एक घटना आपण कोणीच विसरलेलो नाही. ७ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ एका भरधाव ट्रकने सहा मुलांना धडक दिली. चार मुले दगावली, दोघे गंभीर जखमी झाले, आणि ट्रक न थांबता निघून गेला. शासनाने मदत जाहीर केली, हे योग्यच झाले. पण शासनाची तातडीची मदत ही एक गोष्ट, आणि कायद्याने मिळणारी भरपाई ही दुसरी. पहिली मिळाली म्हणून दुसरीचा हक्क संपत नाही.

आता क्रमाने पाहू. अपघात झाल्यावर पहिला तास सर्वांत मोलाचा. १०८ वर रुग्णवाहिका व ११२ वर पोलीस बोलवा. 'मदत करायला जावे तर पोलीस आपल्यालाच अडकवतील' ही भीती मनातून काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्याच्या संरक्षणाचे नियम मान्य केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यावर त्यासाठी खटला भरता येत नाही, आणि त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती नाही. शिवाय मे २०२५ पासून केंद्र शासनाची योजना लागू आहे. तिच्याखाली ठरलेल्या रुग्णालयांत रस्ते अपघातातील जखमीवर अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न घेता उपचार होतात.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. गाडीचा नंबर लिहून घ्या, फिर्याद नोंदवा, पंचनामा करवून घ्या. इथे एक नाजूक बाब बोलावी लागते. मय्यत लवकर दफन करावी ही आपली रीत आहे, आणि म्हणून अनेक कुटुंबे शवविच्छेदन नको म्हणतात. त्यांची भावना मी जाणतो. पण मृत्यू अपघातानेच झाला हे सांगणारा तो मोठा पुरावा असतो. तो नसला की पुढे विमा कंपनी नेमके तिथेच बोट ठेवते, आणि विधवेला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. त्या दोन-चार तासांचा धीर धरा. तो मृताचा अनादर नाही, त्याच्या लेकरांची सोय आहे.

तिसरी गोष्ट दाव्याची. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. अपघात नागपूरला झाला तरी धानोऱ्याच्या माणसाला आपल्या जिल्ह्यात, गडचिरोलीस अर्ज करता येतो, कारण अर्जदार राहतो तिथेही दावा चालतो. १ एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरी त्यावर विसंबून राहू नका. चाळिसावा उरकला की कागद हाती घ्या.

भरपाई किती मिळते? एक उदाहरण घेऊ. चौतीस वर्षांचा मिस्त्री, महिना बारा हजार कमाई, मागे पत्नी, दोन मुले व आई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निर्णयांनी हिशेबाची रीत घालून दिली आहे. चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र धंदेवाल्याच्या कमाईत पुढील वाढीचे ४० टक्के मिळवतात, म्हणजे १६,८०० रुपये. चार आश्रित असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करतात, राहिले १२,६००. वर्षाचे झाले १,५१,२००. त्या वयाला गुणक १६. एकूण २४,१९,२०० रुपये. अंत्यविधी, पती किंवा पित्याचा आधार गेल्याची भरपाई वगैरे रकमा वेगळ्या. आणि गावच्या बैठकीत गाडीमालक पन्नास हजार पुढे करून कोऱ्या कागदावर सही मागतो! मृत व्यक्ती गृहिणी असली तरी दावा होतो. घरकामालाही आर्थिक मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ सालीही स्पष्ट शब्दांत सांगितले.

गाडी सापडलीच नाही तर? त्यासाठी वेगळी योजना आहे. मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे करायचा. महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी या योजनेची माहिती कुटुंबाला लेखी कळवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावले आहे.

वकील कुठून आणायचा, ही चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असणाऱ्या इतरांनाही मिळतो. जिल्हा न्यायालयात चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन करा. मिळालेल्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्या दलालापासून दूर राहा. वकिलालाही निकालावर टक्केवारी ठरवण्यास नियमाने मनाई आहे.

आता दोन शब्द आपल्या चुकांबद्दल. निकाहाची मंडळी आपण मालवाहू गाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून नेतो. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निर्णय आहे. मग दावा उरतो गरीब मालकावर, आणि त्याच्याकडून मिळणार काय? म्हणून जरा खर्च झाला तरी प्रवासी गाडी करा. दुसरे, अल्पवयीन मुलाच्या हाती मोटारसायकल देऊ नका. कलम १९९-अ प्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातच्या मोटारीने दोन तरुण जिवांचा बळी गेला, तेव्हा साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. ती वेळ आपल्यावर येऊ नये.

काही जण म्हणतात, जे झाले ते अल्लाहच्या मर्जीने, त्याचे पैसे काय घ्यायचे? मित्रहो, हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी उंट आधी बांधा आणि मग भरवसा ठेवा असे शिकवले. वाटेतली इजा दूर करणे हा त्यांनी ईमानचाच भाग सांगितला. आणि चुकून कोणाच्या हातून जीव गेला तर वारसांना दियत द्यावी, हा हुकूम कुरआन शरीफच्या सूरह निसामध्ये आहे. वारसांनी मनापासून माफ केले तर तो त्यांचा मोठेपणा. पण न कळता, घाबरून हक्क सोडणे म्हणजे माफी नव्हे. भरपाई ही मृताची किंमत नसते, ती यतीमांचा हक्क असते.

संस्थेला माझी एकच विनंती. शाळेच्या दर्शनी भिंतीवर १०८, ११२ आणि १५१०० हे तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावेत, आणि दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दाव्याचा अर्ज एकदा तरी भरून पाहायला द्यावा. आपल्या वस्तीत पुढचा अपघात होईल तेव्हा त्या घरात अर्ज वाचू शकणारे एक तरी मूल असावे. शिक्षणाचा याहून रोकडा उपयोग कोणता?

अल्लाह आपल्या सर्वांना सुखरूप ठेवो.