पोरगं मोठं होईल का, सर?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

कुणी वाळूजच्या बसमध्ये असाल, कुणी गच्चीवर, कुणी अभ्यासाच्या पुस्तकाआड एका कानात इयरफोन लपवून. आजचा भाग एका प्रश्नावर आहे. तो मला मागच्या रविवारी आमखास मैदानावर विचारला गेला आणि मला तेव्हा त्याचं उत्तर देता आलं नाही.

प्रॅक्टिस संपली होती. पोरं कोन गोळा करत होती. आमच्या आठ नंबरचे वडील गाडी स्टँडला लावून थांबलेले. आठ नंबर म्हणजे एक चौदा वर्षांचा पोरगा, मिडफिल्डला खेळतो. नाव मुद्दाम घेत नाही. वडील वाळूजला कंपनीत आहेत, नाइट शिफ्ट करून तसेच आलेले, डोळे लाल.

"सर, दोन मिनिटं होती का?"

"बोला ना."

"एका अकॅडमीचा फोन आलता. दुसऱ्या शहरात. राहणं, खाणं, शाळा सगळं तिथंच. वर्षाला अडीच लाख म्हणतेत. पडेगावला छोटा प्लॉट आहे आपला, तो काढून टाकावा म्हणतो. तुम्ही फक्त एक सांगा. पोरगं मोठं होईल का?"

मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो. ते "बरंय सर" म्हणाले आणि पोराला मागं बसवून गेले. त्यानंतरचा आठवडा माझ्या डोक्यात हेच चाललंय.

मी लगेच उत्तर का दिलं नाही? कारण आधी दिलेलं आहे आणि ते चुकलेलं आहे. आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन पोरं होती, दोघंही तेरा वर्षांची, दोघंही मिडफिल्डर. एकाला तेव्हाच मिसरूड फुटलेली, उंच, दणकट. तो चेंडू घेऊन निघाला की बाकीची पोरं बाजूला उडायची. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हा इंडिया खेळणार." दुसरा बारका. त्याला मी बहुतेक वेळा बेंचवर ठेवायचो, "अजून ताकद यायचीय" म्हणून. सोळाव्या वर्षी बाकीची पोरं उंच झाली आणि पहिल्याचं सगळं थांबलं. धडक मारण्यापलीकडे तो काही शिकलाच नव्हता, कारण तोवर गरजच पडली नव्हती. हरायची सवय नव्हती, त्यामुळे त्यानं मैदानच सोडलं. आणि बारका? तो त्याच्याही आधी गेला. बेंचवर बसायला कोण रोज येतं? आज तो कसा खेळला असता ते मला माहीत नाही, कारण मी ते बघण्याची संधीच ठेवली नाही.

इथं एक साधं गणित आहे. आपल्या वयोगटाच्या स्पर्धा जन्मवर्षावर चालतात. एक जानेवारीला जन्मलेला आणि एकतीस डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात. चौदाव्या वर्षी त्या एका वर्षात पोरगा वीतभर वाढू शकतो. म्हणून जगभर वयोगटाच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त सापडतात. त्यावर आपल्याकडे कागदावरचं वय कमी करण्याची जुनी खोड, ज्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासावं लागतं. म्हणजे आपण जिला टॅलेंट म्हणतो ती अनेकदा नुसती लवकर आलेली उंची असते. आणि मिडफिल्डरच्या बाबतीत ही फसगत सगळ्यात जास्त होते. स्ट्रायकरचे गोल मोजता येतात. मिडफिल्डरचं काम डोक्यात चालतं, आणि डोकं उशिरा पिकतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही गल्लीतले कोच, तुमचं चुकणारच. मोठ्यांचं बघू या. २०१७. आपल्या देशात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला. फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये भारत पहिल्यांदाच उतरला होता. त्या संघासाठी देशभर पोरं चाळली, परदेशी कोच आणले, परदेश दौरे केले. म्हणजे परीक्षा घेणारे आपल्यापेक्षा कितीतरी हुशार. आता त्या संघातले मिडफिल्डर आठवा.

कॅप्टन अमरजितसिंग कियाम, मणिपूरचा. त्याला कॅप्टन निवडलं ते संघातल्या पोरांनीच मत देऊन. त्या ऑक्टोबरमध्ये कुणालाही विचारलं असतं तर पैज त्याच्यावर लागली असती. दुसरा जॅक्सनसिंग. तो निवड प्रक्रिया बरीच पुढं गेल्यावर मिनर्वा अकॅडमीतून संघात आला, आणि ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध हेडर मारून भारताचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल त्यानंच केला. तिसरा सुरेशसिंग वांगजाम, सतत पळणारा. आणि चौथा मिझोरामचा लालेंगमाविया, ज्याला सगळे अपुइया म्हणतात. त्याच्याबद्दल तेव्हा फारसं कुणी बोलत नव्हतं.

पुढं काय झालं? अमरजित २०१९ मध्ये सीनियर भारतीय संघाकडून खेळला, पण नंतर क्लब बदलत राहिला, मधल्या फळीत त्याची जागा पक्की झाली नाही. सुरेश बेंगळुरूकडून वर्षानुवर्षं खेळतोय. जॅक्सन केरळ ब्लास्टर्समधून ईस्ट बंगालला गेला. आणि अपुइया? २०२०-२१ च्या आयएसएलमध्ये उदयोन्मुख खेळाडू ठरला, मग मुंबई सिटीकडून जिंकला, मग मोहन बागानला गेला. एप्रिल २०२५ मध्ये सेमीफायनलच्या भरपाई वेळेत जमशेदपूरविरुद्ध लांबून मारलेला तो गोल तुम्ही रीलमध्ये शंभरदा बघितला असेल. बागान त्या गोलवर फायनलला गेलं आणि कपही जिंकलं.

मी अमरजितला अपयशी म्हणत नाहीये, नीट ऐका. सीनियर भारताचा शर्ट अंगावर चढवणं ही साधी गोष्ट नाही. माझं म्हणणं एवढंच की चौघंही एकाच संघात, एकाच ड्रेसिंग रूममध्ये, एकाच कोचखाली होते. सतराव्या वर्षी, एवढी चाळणी लावून झाल्यावरसुद्धा त्यांचा पुढचा क्रम कुणाला सांगता आला नाही. मग चौदाव्या वर्षी आमखासच्या धुळीत मी कसा सांगू?

त्याच संघात आपलाही एक होता, कोल्हापूरचा अनिकेत जाधव. तो पुढच्या फळीतला, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. वडील रिक्षा चालवायचे. पोरगा लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. वर्ल्ड कप खेळला. नंतर विंगवर सरकला, आणि मार्च २०२२ मध्ये हैदराबादनं आयएसएल जिंकली तेव्हा त्या संघात होता. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत. पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं. तिथल्या पोराला लहानपणापासून गर्दीसमोर चुकायची सवय असते. आपल्या पोरांना कुठं आहे?

आणि एक गोव्याचा. ब्रँडन फर्नांडिस, मडगावचा, १९९४ चा जन्म. हा तर पक्का मिडफिल्डर. कोवळ्या वयात दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या अकॅडमीत गेला, इंग्लंडमध्ये ट्रायल दिल्या. सगळे म्हणाले, हा परदेशात खेळणार. ते जमलं नाही. परत आला, दुखापती झाल्या, वर्षं गेली. भारताकडून पहिली मॅच मिळाली जून २०१९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी. आणि त्याच वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत बघा. गुवाहाटीत ओमानविरुद्ध छेत्रीचा गोल, ब्रँडनच्या फ्री किकवरून. कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध शेवटच्या मिनिटांत आदिल खानचा हेडर, ब्रँडनच्या कॉर्नरवर. अफगाणिस्तानविरुद्ध अगदी शेवटी बरोबरीचा गोल, पुन्हा ब्रँडनचा कॉर्नर. विसाव्या वर्षी कुणी त्याच्या नावापुढं "वाया गेला" असं लिहून वही मिटली असती तर?

बरं, मग काहीच बघायचं नाही का? तसं नाही. मी आता तीन गोष्टी बघतो, आणि त्या तुम्हीही मोबाईलवर बघू शकता.

पहिली, चेंडू यायच्या आधीची मान. नॉर्वेचे गेयर योर्देट नावाचे संशोधक आहेत. त्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रीकरणात एकच गोष्ट मोजली: चेंडू मिळण्याआधी खेळाडू किती वेळा मान वळवून मागं बघतो. जे जास्त बघतात त्यांचे पुढं जाणारे पास जास्त यशस्वी होतात. मैदानावर आपली पोरं ओरडतात ना, "पीछे आदमी है!" चांगल्या मिडफिल्डरला ते ओरडून सांगावं लागत नाही. दहा मिनिटं कॅमेरा फक्त एका पोरावर ठेवा. चेंडूकडे फिरवू नका. नंतर बघून मान किती वेळा वळली ते मोजा.

दुसरी, चेंडू हातचा गेल्यावरचे पहिले तीन सेकंद. हात वर करून रेफरीकडे बघतो, की मागं पळतो?

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती एका दिवसात दिसत नाही. तीन महिन्यांपूर्वी जे येत नव्हतं ते आज येतं का? त्यासाठी मी वही ठेवतो. तारीख, पोराचं नाव, एक ओळ. "डावा पाय वापरत नाही." तीन महिन्यांनी परत तेच पान. पोरगा आज कुठं आहे यापेक्षा तो कुठून कुठं आला, हे वहीत दिसतं.

वही काढून बघितली. आठ नंबरच्या पानावर जानेवारीत लिहिलंय, "चेंडू आला की खाली बघतो." एप्रिलमध्ये, "उजवीकडे बघतो, डावीकडे नाही." परवा मोजलं, दहा मिनिटांत एकवीस वेळा मान वळली, त्यात सात वेळा डावीकडे. पोरगा बारका आहे, नोव्हेंबरचा जन्म आहे, वडील चांगले उंच आहेत. म्हणजे अंग यायचंय अजून.

मग आज सकाळी वडिलांना काय सांगितलं? मी म्हटलं, "काका, होईल असं मी म्हणणार नाही. होणार नाही असंही म्हणणार नाही. पण प्लॉट विकू नका."

ते गप्प. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा भरवसा नाही त्याच्यावर."

हे मला लागलं, खरं सांगतो. मी म्हटलं, "भरवसा आहे म्हणूनच सांगतोय. तुम्ही प्लॉट विकला की प्रत्येक मॅचमध्ये तो प्लॉट पायात बांधून खेळेल. एक पास चुकला की त्याला तुमचा चेहरा दिसेल. मिडफिल्डरला चुकायची मोकळीक लागते."

आणि मग व्यवहाराचं बोललो. अकॅडमीला चार प्रश्न विचारा. वर्षात खऱ्या मॅच किती? एआयएफएफची मान्यता आहे का, किती स्टार? दहावीची परीक्षा कुठून? आणि पोरगं दुखापतीनं सहा महिने बसलं तर फी किती? शिवाय फी न घेणाऱ्या वाटाही आहेत. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या असतात. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकॅडमी निवडलेल्या पोरांना पूर्ण शिष्यवृत्ती देते. जमशेदपूरला टाटांची अकॅडमी आहे. अवघड आहे, हजारात एखादा लागतो. पण तिथं पोराला पारखून अकॅडमीच पैसे घालते. जो तुमच्याकडून पैसे घेतो त्याला तुमचं पोरगं नेहमीच टॅलेंटेड दिसणार.

आपल्या शहराचंही बोलायला हवं. इथं चौदा वर्षांच्या पोराला वर्षात मॅच मिळतात किती? शाळेची जिल्हास्तर, नशीब असेल तर विभाग. नॉकआउट. एक मॅच हरली की वर्ष संपलं. मिडफिल्डर अशानं कसा घडणार? म्हणून आम्ही चार गटांनी ठरवलंय, पावसाळा संपला की दर रविवारी आपापसात लीग खेळायची. ट्रॉफी नाही, उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत. फक्त हरलं तरी पुढच्या रविवारी परत मॅच.

वडील पटून गेले का? मला नाही वाटत. "घरात बोलतो" म्हणाले. कदाचित प्लॉट विकतीलही. तो त्यांचा निर्णय, पोरगं त्यांचं आहे. आठ नंबर बाजूला उभा राहून सगळं ऐकत होता. जाताना मला म्हणाला, "सर, डावीकडे सातच वेळा?"

मी म्हटलं, हो, सातच.

चला, एवढंच आजचं. तुमच्याबद्दल कुणी लहानपणी असं भाकीत केलं होतं का, आणि पुढं काय झालं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक पुढच्या भागात ऐकवतो. भेटू.