कुशल हात हेही देवाचे दान



जव्हारकडच्या आमच्या सुतारगटातील भावांनी आज आपली कामे तुमच्यापुढे मांडली आहेत. ही काथवट, हे बैलांचे जू, हा खिळा न मारता सांधलेला पाट. मघाशी एकाने तो उलटा करून सांधा तपासला आणि दुसऱ्याला विचारले, "कसं बसवलंस?"

निर्गम ३१ मध्ये देव बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो, ते लाकूड कोरण्यासाठीसुद्धा. मार्क ६:३ मध्ये लोक प्रभूला सुतारच म्हणतात. म्हणून या वस्तू दयेपोटी घेऊ नका. घासाघीस न करता रास्त दाम द्या.

दिवाळीनंतर इथली कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. गावातच काम मिळाले, तर मुले वर्गात राहतील. या हातांसाठी प्रार्थना करा आणि त्यांना कामही द्या.