थंडावा किती पुरे?

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला मे महिन्यात अकोल्याहून रत्नागिरीला जायचं असलं की घरात पहिली आठवण होते ती बर्फाची. थर्मासात बर्फ भरायचा, त्यात पेन खोचायचं आणि निघायचं. माझं म्हणणं असं, की प्रवासासाठी औषधाची पेटी घडवणाऱ्याने सगळ्यात आधी धास्ती घ्यावी ती या बर्फाचीच. उष्णतेने इन्सुलिनचा जोर हळूहळू, दिवसा-आठवड्यांच्या हिशेबाने उतरतो. गोठलं तर मात्र ते तिथल्या तिथे टाकाऊ होतं. दुधाळ दिसणाऱ्या एनपीएच इन्सुलिनमधले स्फटिक गोठल्यावर एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात, आणि मग कितीही घोळवलं तरी दर वेळी सुईतून सारखा डोस येईल याची खात्री राहत नाही. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखंच दिसू शकतं. ते जास्त फसवं.

लसीकरणाच्या कामात हा धडा केव्हाच गिरवून झाला आहे. लस घेऊन गावात निघालेली आरोग्यसेविका फ्रीजरमधले आईसपॅक तसेच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये घालत नाही. ते बाहेर काढून ठेवते, वर पाण्याचे थेंब जमेपर्यंत थांबते, कानाशी धरून हलवते. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरते. फ्रीजरमधला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, आत पाणी सुटू लागलं की तो शून्यावर येऊन ठेपतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण घाईगर्दीत हे थांबणं राहून जातं. म्हणून पुढे जागतिक आरोग्य संघटनेने गोठू न देणाऱ्या कॅरिअरचे निकष ठरवले, आणि आईसपॅक व लस यांच्यामध्ये जादा आडोसा असलेल्या पेट्या आल्या. माणसाच्या शिस्तीवरचा भार बांधणीने उचलला. प्रवासी पेटीकडून मागणी असावी ती हीच.

यावर कोणी म्हणेल, खोक्यावर तर २ ते ८ अंश छापलेलं असतं. बरोबर, पण ते न उघडलेल्या साठ्यासाठी. वापरात घेतलेलं पेन साधारण चार आठवडे, बहुतेक प्रकारांत २५ किंवा ३० अंशांच्या आत, फ्रीजबाहेर चालतं, हेही त्याच खोक्यातल्या पत्रकात बारीक अक्षरांत असतं. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनीव्हा विद्यापीठाने केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या घरांचं तापमान मोजलं आणि प्रयोगशाळेत २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या तशाच उष्णतेत इन्सुलिन चार आठवडे ठेवून पाहिलं; २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ते थंड जागी ठेवलेल्या इन्सुलिनइतकंच टिकलं. म्हणून पेन उन्हात टाकावं असं नाही. बंद मोटारीचा डॅशबोर्ड ३७ च्या कितीतरी पुढे जातो. पण रोजच्या पेनासाठी पेटीने ४ अंशांचा हट्ट धरायचं कारण नाही. पत्रकातली वरची मर्यादा ओलांडू दिली नाही, की तिचं काम झालं.

एवढं काम पाणी करू शकतं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. तेवढंच पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे सातपट. ब्रिटनमधल्या ‘फ्रिओ’ पाकिटात पाणी पिऊन फुगणारे स्फटिक कापडात शिवलेले असतात. पाकीट काही मिनिटं पाण्यात बुडवायचं, पुसायचं, पेन आत सरकवायचं. बर्फ नाही, बॅटरी नाही, गोठण्याची भीती नाही. फक्त ते बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली दडपायचं नाही, वारा लागला पाहिजे. माठाची अडचण मात्र यालाही आहे. अकोल्यात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओलं कापड २३ अंशांच्या आसपास उतरू शकतं. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत ते २९ च्या खाली जायला तयार नसतं. किनाऱ्यासाठी मेणाच्या जातीचा एखादा पदार्थ बरा. ऑक्टाडेकेन २८ अंशांना वितळतं आणि पूर्ण वितळेपर्यंत तापमान तिथेच धरून ठेवतं. ३० अंशांची मुभा असलेल्या पेनाला तेवढं पुरतं. रात्रीच्या गारव्यात ते आपोआप पुन्हा घट्ट होतं, असा त्याचा बडेजाव असतो. मुंबईतल्या मे महिन्याच्या रात्री तो गारवा आणायचा कुठून? तिथे पाकीट काही वेळ फ्रीजमध्ये, अर्थात फ्रीजरमध्ये नव्हे, ठेवावं लागेल.

मग बॅटरीवरचा छोटा फ्रीज का नको? वीज सोडली की चकतीची एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते, हा पेल्टिएचा परिणाम १८३४ पासून माहीत आहे, पण त्यावर चालणारी पेटी थंडाव्याच्या मानाने वीज फार खाते. बॅटरी संपली की तीच चकती बाहेरची उष्णता आत पोचवू लागते. महिनोन् महिन्यांचा न उघडलेला साठा परदेशी न्यायचा असेल, तर २ ते ८ अंश राखणारी पेटी लागणारच, तिथे हा खर्च रास्त आहे. चार दिवसांच्या लग्नासाठी दोन पेनं नेणाऱ्याच्या गळ्यात ती कशाला?

पेटी कोणतीही असो, तिने आपली चूक दाखवायला हवी. पोलिओ लसीच्या कुपीवर १९९६ पासून उष्णतेने रंग बदलणारा चौकोन असतो, पण गोठणं त्याला कळत नाही. त्यासाठी लसींच्या पेट्यांत वेगळा दर्शक ठेवतात. तसा एक दर्शक या पेटीतही बसवला, तर थर्मासातल्या बर्फाला किंवा फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून राहिलेलं पेन टोचायचं की फेकायचं, हे सुई लावण्याआधी ठरवता येईल.