रस्त्याचे मोल कोणी द्यावे?



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या प्राध्यापकाला बोलावले की तो संतवाङ्मयावर किंवा नाटकावर बोलणार, हे श्रोते गृहीत धरून येतात. विजेची मोटार आणि पेट्रोलची मोटार यांचा खर्च, त्यांवरील कर आणि त्यांना मिळणाऱ्या सवलती हा आजचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझी बाजू एवढीच की शब्दांचे अर्थ लावणे हा माझा जन्माचा व्यवसाय आहे, आणि कर, उपकर, अनुदान, सवलत या शब्दांचा अर्थ न लावता आपण वर्षानुवर्षे पैसे मोजत आलो आहोत. ‘कर’ या शब्दाचा एक अर्थ हात असाही आहे. शासनाचा एक हात देतो आणि दुसरा घेतो. देणारा हात सर्वांना दिसतो. घेणारा हात कोणाच्या खिशात आहे, हे मात्र शोधावे लागते. आज तोच शोध घ्यायचा आहे.

या शोधासाठी बेळगावइतकी सोयीची जागा दुसरी नाही. एका बाजूस कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूस चोर्ला घाट उतरला की गोवा. तिन्ही राज्यांत पेट्रोल तेच. भाव मात्र तीन. पेट्रोल आणि डिझेल २०१७ साली सुरू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. त्यामुळे केंद्राचे उत्पादन शुल्क आणि त्यावर प्रत्येक राज्याचा स्वतःचा विक्रीकर अशी दुहेरी आकारणी अद्याप चालते. मनोहर पर्रीकरांनी २०१२ साली गोव्यात पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा तेथील भाव एका दिवसात लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला होता. उलट कर्नाटकाने जून २०२४ मध्ये पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला आणि आपल्याकडील भाव रातोरात तीन रुपयांनी चढला. म्हणजे पेट्रोलच्या भावात जेवढे तेल असते, जवळजवळ तेवढाच कर असतो.

आता थोडे अंकगणित करू. हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. २०२५ सालच्या दरांप्रमाणे त्यात केंद्राचे जवळजवळ २२ रुपये आणि कर्नाटकाचे सुमारे २३ रुपये, असा एकंदर ४५ रुपये कर येतो. मध्यम मोटार शहरात लिटरला १५ किलोमीटर धावते असे मानले, तर किलोमीटरला ६ रुपये ६७ पैसे लागतात. विजेची मोटार एका युनिटवर ६ किलोमीटर जाते आणि घरी युनिटला ८ रुपये पडतात असे धरले, तर किलोमीटरला १ रुपया ३३ पैसे होतात. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्या गृहस्थाचे एका मोटारीत सुमारे ६६,७०० रुपये खर्च होतील, दुसरीत सुमारे १३,३००. बचत ५३,००० रुपयांच्या वर झाली.

ही बचत सर्वांना सारखी नाही. विजेची मोटार घेताना तीन लाख रुपये अधिक मोजावे लागले असे समजा. वर्षाला ५०,००० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याचे ते तीन लाख सव्वा वर्षाच्या आत वसूल होतील. १०,००० किलोमीटरवाल्याला साडेपाच-सहा वर्षे लागतील. आणि माझ्यासारखा सेवानिवृत्त माणूस, जो भाजी आणि वाचनालय यांपलीकडे वर्षाला ३,००० किलोमीटरसुद्धा फिरत नाही, त्याला ते पैसे फिटायला अठरा-एकोणीस वर्षे लागतील. वाटेत सार्वजनिक केंद्रावर वीज भरावी लागली तर युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच अधिक पडतो आणि बचत आणखी आटते. तेव्हा ‘विजेची मोटार स्वस्त की महाग?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणाची मोटार आणि किती फिरते, हे आधी विचारावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. त्या ५३,००० रुपयांच्या बचतीचे दोन भाग आहेत. १०,००० किलोमीटरसाठी सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागते, आणि लिटरमागे ४५ रुपये धरले तर त्यातला कर ३०,००० रुपये भरतो. म्हणजे बचतीचा निम्म्याहून अधिक भाग यंत्राच्या गुणामुळे मिळालेला नाही. तो न भरलेला कर आहे. विजेवरही कर असतो, पण तो या रकमेपुढे किरकोळ आहे. मोटार मात्र दोन्ही वेळा त्याच रस्त्यावरून गेली.

हा रस्ता कोणाच्या पैशाने झाला, याला एक इतिहास आहे आणि त्यात एका मराठी माणसाचे नाव आहे. १९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्त्यांचा विचार करण्यासाठी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे १९४८ साली पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच हे जयकर. रस्त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर बसवावा, अशी शिफारस या समितीने केली आणि १९२९ साली त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. यामागचे तत्त्व साधे होते. जो अधिक फिरतो तो अधिक पेट्रोल जाळतो. ज्याचे वाहन जड, त्याचेही पेट्रोल अधिक जळते. म्हणून पेट्रोलवरील कर हीच रस्त्याच्या वापराची पावती. २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा नवा कायदा झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेला डिझेलवरील उपकराचाच आधार होता. खेड्यातून शाळेला येणारी मुले ज्या डांबरी रस्त्याने येतात, त्यात असा पै-पैसा मुरलेला आहे.

विजेची मोटार ही पावती फाडत नाही. यात तिचा दोष नाही. जयकर समितीपुढे पेट्रोलचेच जग होते. परंतु वाहने विजेवर जात राहिली आणि रस्त्यांचा खर्च तेवढाच राहिला, तर उरलेला भार कोणावर पडेल? अर्थात जो अजून पेट्रोल भरतो त्याच्यावर. तो कोण आहे? आपल्या देशातील नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत असे आढळले होते की देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी साठ टक्क्यांहून अधिक दुचाकींमध्ये जाते. दूधवाला, औद्योगिक वसाहतीतला कामगार, खानापूरच्या बाजूने रोज ये-जा करणारी शिक्षिका हे ते करदाते होत. त्यांना आपण करदाते म्हणत नाही, कारण ते आयकराचे विवरणपत्र भरत नाहीत. ते आपला कर पंपावर, शंभर-शंभर रुपयांनी भरतात.

याउलट सवलत कोणाला मिळते ते पाहा. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दरांची फेररचना झाली, तेव्हा लहान पेट्रोल मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के कर ठरला. विजेच्या मोटारीवर, ती लहान असो वा आलिशान, पाच टक्केच राहिला. करपूर्व किंमत समान धरून तुलना करू. एक लाखाच्या दुचाकीला या फरकाने १३,००० रुपयांची सवलत मिळते. आठ लाखांच्या लहान मोटारीला १,०४,००० रुपयांची. आणि वीस लाखांच्या मोठ्या मोटारीला तब्बल सात लाख रुपयांची! ज्याचे ताट मोठे त्याला वाढप अधिक, अशी ही पंगत आहे.

येथे अनुदान आणि सवलत या दोन शब्दांतला भेद ध्यानात घ्यावा. अनुदान अंदाजपत्रकात लिहावे लागते. त्यावर चर्चा होते, आक्षेप येतात आणि म्हणून त्याला शिस्त लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेसाठी केंद्राने १०,९०० कोटी रुपये ठेवले, ते दुचाकी, तीनचाकी, बस, मालमोटारी आणि रुग्णवाहिका यांसाठी. खाजगी मोटारींना त्यात स्थान दिले नाही. हे योग्यच झाले. सवलत मात्र न घेतलेल्या पैशाच्या रूपाने दिली जाते. ती सहजी डोळ्यांत भरत नाही, म्हणून तिच्याविषयी कोणी तावातावाने बोलतही नाही.

माझ्या या बोलण्यावरून मी विजेच्या मोटारीचा विरोधक आहे असा ग्रह कृपया करून घेऊ नये. आपण आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशांतून आणतो. शाळा सुटताना फाटकाशी जो धूर साचतो, त्याची किंमत पेट्रोलवाला कोठेही भरत नाही. मुलांची फुफ्फुसे ती भरतात. आपली बहुतांश वीज आजही कोळशावर होते हे खरे, आणि बेळगावात न निघालेला काही धूर रायचूरच्या चिमणीतून निघतो हेही खरे. तरी भर वस्तीतला धूर कमी होणे ही लहान गोष्ट नव्हे. नव्या यंत्राला पहिली काही वर्षे आधारही लागतो. बंगळूरमध्ये घडलेली ‘रेवा’ ही विजेची छोटी मोटार २००१ साली बाजारात आली. स्वदेशात तिला फारसे कोणी विचारले नाही. लंडनमध्ये मात्र शहराच्या मध्यभागी जाण्यासाठी २००३ पासून जो आकार द्यावा लागे, तो तिला माफ होता. म्हणून तिकडे तिला गिऱ्हाईक मिळाले. मोटार तीच, करआकारणीने तिचे नशीब बदलले. तेव्हा सवलतीची शक्ती मी नाकारत नाही. म्हणूनच ती कोठे खर्ची पडते याची मला काळजी आहे.

इतर देशांना हा पेच आधीच पडला आहे. नॉर्वेने विजेच्या मोटारींना दीर्घकाळ खरेदीवरील करांतून मोकळे ठेवले आणि २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ नव्वद टक्के विजेच्या होत्या. पण २०२३ पासून त्याच देशाने महागड्या विजेच्या मोटारींवर, ठरावीक किमतीच्या वरच्या रकमेपुरता, मूल्यवर्धित कर लावला. आइसलँड आणि न्यूझीलंड यांनी २०२४ पासून विजेच्या मोटारींवर किलोमीटरप्रमाणे आकार सुरू केला. आपल्या कर्नाटकाने २०१६ पासून विजेच्या वाहनांना रस्ताकर माफ केला होता; २०२४ मध्ये पंचवीस लाखांवरील मोटारींना दहा टक्के आजीवन कर बसवला. महाराष्ट्राने २०२५ च्या अंदाजपत्रकात तीस लाखांवरील मोटारींना सहा टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात तो मागे घेतला. शेजारशेजारच्या दोन राज्यांचे हे दोन निर्णय पाहिले की गोंधळ पैशापुरता नाही, तत्त्वाचाही आहे, हे ध्यानी येते.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तत्त्व तीन वाक्यांत मांडता येईल. सवलत वाहनाच्या किमतीबरोबर वाढू नये. एका ठरावीक रकमेपलीकडे ती थांबावी. सवलतीला आरंभीच मुदत असावी आणि ती पायरीपायरीने उतरावी. २०१० नंतरच्या दीड दशकात बॅटरीचा भाव सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरला असताना आधार मात्र कायम ठेवण्यास कारण नाही. आणि रस्त्याचा आकार पुढेमागे इंधनावरून काढून अंतर व वजन यांवर न्यावा, म्हणजे जयकर समितीचे तत्त्व नव्या यंत्रालाही लागू होईल. धुरावरचा कर पेट्रोलवाल्याने अवश्य भरावा. रस्त्यावरचा कर मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने भरला पाहिजे. आज हे दोन्ही कर एकाच भांड्यात ओतलेले असल्यामुळे विजेच्या मोटारीला पहिल्याबरोबर दुसराही माफ होतो, आणि त्याची भरपाई दुचाकीवाला करतो.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण विजेचीच वाहने चालवतील, आणि त्यांनी ती अवश्य चालवावीत. मात्र ‘हे वाहन स्वस्त आहे’ असे म्हणताना त्या स्वस्ताईतला किती भाग यंत्राचा आणि किती भाग शेजाऱ्याच्या खिशातला, एवढी वजाबाकी त्यांनी करावी. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. या शाळेत सातवीपर्यंत शिकवले जाणारे गणित पुरेसे आहे.