एक शतांश सेकंद: वीरधवल खाडेची गोष्ट

लकडगंज, नागपूरहून बोलतोय. आजचा विषय पोहणं. नागपूरला समुद्र नाही, मान्य. पण आजची गोष्ट ज्याची आहे त्याच्या कोल्हापूरलाही तो नाही.

वीरधवल खाडे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा वय १६. ५०, १०० आणि २०० मीटर, तिन्ही फ्रीस्टाइल शर्यतींत उतरला. २०१०ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ. त्याआधीचं आपलं पोहण्यातलं आशियाई पदक म्हणजे खजान सिंगचं १९८६चं रौप्य. मधे २४ वर्षं गेली!

मग राज्य सरकारनं त्याला तहसीलदार केलं. आपल्या घरांत अशा वेळी पेढे वाटतात. पोरगं मार्गी लागलं म्हणतात. आणि खरंच, पोहून घर चालत नाही. पण पोहणाऱ्याला रोज तलाव लागतो, आणि तहसीलचं काम पाच वाजता संपत नाही. सराव मागे पडला. २०१४च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत तो नव्हता.

तरी तो परत आला. २०१८, जकार्ता, ५० मीटर फ्रीस्टाइल. हीटमध्ये २२.४३ सेकंद, स्वतःचाच २००९चा २२.५२चा राष्ट्रीय विक्रम मोडला. फायनलमध्ये २२.४७. जपानचा शुनिची नाकाओ २२.४६. ब्राँझ त्याला, वीरधवल चौथा.

आता हे बघा. माझ्या कामात सर्व्हरचं उत्तर १० मिलिसेकंद उशिरा आलं तर आम्ही त्याला उशीर म्हणतच नाही. इथं तेवढ्यात पदक गेलं. त्या वेगानं हिशेब केला तर अंतर येतं साधारण सव्वादोन सेंटिमीटर. आमच्या लकडगंजात आरामशिनीखाली एवढं लाकूड भुशात जातं, कोणी विचारत नाही.

याहून लहान फरक पोहण्यात मोजतच नाहीत. १९७२ला म्युनिकमध्ये ४०० मीटर मेडलेचं सुवर्ण एका सेकंदाच्या दोन हजारांशानं ठरलं होतं. नंतर नियम बदलला. कारण सोपं आहे: तलावाची प्रत्येक लेन इतकी अचूक बांधताच येत नाही. म्हणजे वीरधवलचा हात एक शतांश आधी लागला असता, तर ब्राँझ दोघांनाही मिळालं असतं.

लोक म्हणतात, नशीब. मला तसं वाटत नाही. हीटमधली वेळ फायनलला आली असती तर पदक त्याचंच होतं, म्हणजे ताकद होती. नव्हती ती मधली सलग वर्षं. विशीतला काळ पोहणाऱ्याचा सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच फायलींत गेला. पदकाचं बक्षीस म्हणून नोकरी दिली, आणि त्या नोकरीनं पुढच्या पदकाचा वेळ घेतला.

नोकरी जरूर द्या. पण पहिली काही वर्षं तलाव हीच त्याची ड्युटी असू द्या. खुर्ची कुठं पळून जात नाही, वय जातं.

२०२३च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यानं ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकली आणि निवृत्ती घेतली. त्याच स्पर्धेत महिलांची ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकली त्याची बायको ऋजुता हिनं. आहे की नाही भारी!

तुमच्या घरात कोणी पोहणारं असेल, तर हा भाग त्याच्या आईबाबांनाही ऐकवा. भेटू पुढच्या भागात.