रुळावरचा काळा थर

मी रायपूरहून बोलतोय, पुरानी बस्तीतून. सैन्यात सिग्नल्स कोअरमध्ये नोकरी केली, निवृत्त झालो, आणि आता घराच्या वरच्या खोलीत प्लायवूडच्या फळीवर एक छोटी रेल्वे चालवतो. या मालिकेत लोक मोठमोठ्या विषयांवर बोललेत. माझा विषय करंगळीपेक्षाही अरुंद आहे. मोजून सांगायचं तर ९ मिलिमीटर. मॉडेल रेल्वेचे रूळ स्वच्छ कसे ठेवायचे, एवढंच सांगणार आहे.

९ मिलिमीटरच का? तर ही आमची धमतरी लाइन आहे. १९०० च्या सुमारास बंगाल नागपूर रेल्वेनं रायपूर ते धमतरी अशी अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची छोटी लाइन टाकली. अभनपूरहून एक फाटा राजिमला जायचा. माघी पौर्णिमेच्या जत्रेची निम्मी माणसं त्या गाडीतून आणि उरलेली तिच्या टपावरून जायची असं आमच्याकडे म्हणतात. खरंखोटं तुम्ही ठरवा. आता ती छोटी लाइन उरलेली नाही. शहरातल्या तिच्या जागेवरून एक्सप्रेसवे जातो, आणि २०२५ मध्ये अभनपूरपर्यंत मोठ्या लाइनवर मेमू सुरू झाली. सोय झाली, यात वाद नाही. पण अडीच फुटी धमतरी पॅसेंजर कुणाला दाखवायची असेल तर ती आता मॉडेलमध्येच दाखवावी लागते. एकास सत्त्याऐंशी प्रमाणात ७६२ चे होतात पावणेनऊ मिलिमीटर, आणि बाजारात ९ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात. बाजारात म्हणजे रायपुरात नव्हे, बाहेरून मागवावे लागतात. म्हणून ते जपायचे.

आता अडचण काय होते ते बघा. माझं इंजिन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ६० ग्रॅम भरतं. आत एन-गेजची तयार चेसी आहे, वर मी बनवलेली बॉडी. आठ चाकं रुळांतून वीज उचलतात, जास्तीत जास्त १२ व्होल्ट. प्रत्येक चाक रुळाला टेकतं ते सुईच्या टोकाएवढ्या जागेवर, आणि त्यावर दाब किती, तर साडेसात ग्रॅम. मधे जरासा थर आला की वीज तुटली. गाडी वेगात असेल तर झोकात पुढे निघून जाते, कळतही नाही. पण धमतरी पॅसेंजर वेगात पळवली तर ती धमतरी पॅसेंजर कसली? ती रमतगमतच यायला हवी. आणि रमतगमत येणारी गाडी घाणेरड्या रुळावर अडतेच, तीही नेमकी पॉइंटवर. मग गल्लीतली मुलं काय करतात? "दादाजी, धक्का दूँ?" परवानगीची वाट कोण बघतो! बोटानं ढकलतात, डबे घसरतात, आणि बोटाचा घाम नि तेल रुळावर राहतं. म्हणजे पुढच्या अडथळ्याची तयारी झाली.

घाण येते कुठून? बहुतेकांना वाटतं वरून पडते. काही प्रमाणात खरं आहे. रायपूरच्या उत्तरेला स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, आणि इथल्या गच्चीवर अनवाणी फिरलेल्या माणसाला तळपायाचा रंग माहीत असतो. मी खिडकीतली धूळ पांढऱ्या कागदावर घेतली आणि कागदाखालून चुंबक फिरवला. काही कण चुंबकामागे सरकले. मोटारीतही चुंबकच असतो, तेव्हा ही धूळ रुळावरून उचलली जाऊन इंजिनात जाऊन बसते. त्यावर आपल्या घरचा वाटा: फोडणीचा तेलकट धूर, उदबत्ती, आणि उन्हाळ्यात कूलर. कूलर म्हणजे ओलावा आणि बाहेरची धूळ एकत्र फेकणारं यंत्र. मे महिन्यात ४४-४५ अंशांत कूलर बंद ठेवा असं मी म्हणणार नाही, घरात राहायचंय मला. पण त्याचं तोंड फळीकडे नको आणि गाड्या चालत नसताना फळीवर जुनी सुती चादर हवी.

तरी खरा काळा थर वरून पडत नाही. तो तिथेच तयार होतो. चाक फिरताना त्याचा रुळाशी संपर्क क्षणभर सुटतो, पुन्हा जुळतो, आणि दर वेळी एक बारीक ठिणगी उडते. अंधारात दिवे घालवून बघा, चाकाखाली निळसर चमक दिसेल. त्या उष्णतेनं धातूचा पृष्ठभाग जळतो, त्यात तेल आणि धूळ भाजली जाते, आणि चाकं ते सगळं दाबून रुळावर लिंपतात. थर आला की संपर्क बिघडतो, बिघडला की ठिणग्या वाढतात, ठिणग्या वाढल्या की थर वाढतो. हे चक्र आहे, आणि नुसतं पुसून ते तुटत नाही.

इथे मला माझी नोकरी आठवते. आमच्या काळच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये रिले असायचे, हजारो बारीक संपर्कबिंदू उघडझाप करणारे. नव्या जवानाला पहिली ताकीद एकच: त्यावर सँडपेपर लावायचा नाही. बर्निशर नावाची पातळ पट्टी असते, तिनं घासून बिंदू गुळगुळीत करायचा. सँडपेपरनं तो चकचकीत दिसतो, पण त्यावर चरे पडतात. चऱ्यांच्या कडांवर ठिणग्या जास्त आणि चऱ्यांच्या खोबणीत घाण पक्की. रुळाचंही तेच. माझ्या एका परिचितानं नवे रूळ पॉलिश पेपरनं आरशासारखे केले. आता दर आठवड्याला घासतो आणि मला विचारतो, इतकं घासूनही गाडी का अडते? घासल्यामुळेच अडते, बाबा! रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी आत तांबं, निकेल आणि जस्त. त्यांना खरवडायचं नाही.

मोठ्या रेल्वेलाही हा त्रास असतो बरं का. रुळांतून बारीक वीज सोडून ठेवलेली असते. गाडीची चाकं-आस दोन्ही रूळ जोडतात, आणि तिकडे सिग्नल यंत्रणेला समजतं की इथे गाडी उभी आहे. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. पण क्वचित वापरातल्या रुळावर गंज चढला तर चाकं टेकूनही जोड होत नाही, आणि उभी गाडी यंत्रणेला दिसत नाही. किती धोक्याचं आहे, सांगायला नको. काही ठिकाणी अशा रुळांच्या माथ्यावर स्टेनलेस स्टीलची नागमोडी वेल्डिंगची रेघ ओढतात, तिला गंज चढत नाही म्हणून. रोज गाड्या धावणारा रूळ मात्र चाकांनीच लखलखता राहतो.

तर पुसायचं कशानं? हातात पहिली येते ती आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. घाण निघते, नाही असं नाही. पण अलीकडे बरेच छंदिष्ट रॉकेलच्या जातीची द्रव्यं पसंत करतात. त्यांचं म्हणणं असं की अल्कोहोलसारख्या द्रव्यांचा जो अंश मागे राहतो तो ठिणग्यांना मदत करतो, रॉकेलच्या जातीचा करत नाही. माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे. रंगाच्या दुकानात एमटीओ मिळतं, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, ते मी वापरतो. झाडाचं अस्सल टर्पेंटाइन नको, ते चिकट राळ सोडतं. थिनर तर अजिबात नको, प्लॅस्टिकचे स्लीपर विरघळतील.

आणि एक गोष्ट जरा कडक आवाजात सांगतो. आयसोप्रोपिलची वाफ १२ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, एमटीओची साधारण चाळिशीत. आमच्याकडे उन्हाळ्यात खोलीच तेवढी तापते. त्यात आपली गाडी म्हणजे ठिणग्या पाडणारी वस्तू. म्हणून आधी प्लग काढायचा, नुसता खटका बंद करून भागत नाही. खिडक्या उघडायच्या, खोलीत उदबत्ती नाही, बाटली झाकण लावून बाहेर. पुसून झाल्यावर अर्धा तास थांबायचं, मग वीज. ओली चिंधी डब्यात कोंबून ठेवायची नाही, बाहेर वाळत घालायची. मुलं असतील तर हे काम करायचंच नाही.

पुसायची रीत रायफलची. सैन्यात रायफलची नळी साफ करायला दोरी असते, फुलथ्रू म्हणायचो आम्ही, आणि तिच्यात अडकवायचा चार इंच बाय दोन इंचाचा फ्लॅनेलचा तुकडा, म्हणजे चिंदी. तीच चिंदी मी बुचाच्या तुकड्याला गुंडाळतो. आधी मऊ ब्रशनं सुकी धूळ काढायची. सुक्या धुळीवर ओलं फडकं फिरवलं की चिखल होतो. मग दोन-तीन थेंब एमटीओ, आणि एका दिशेनं पुसत जायचं. रुळाच्या माथ्याची आतली कड विसरायची नाही, चाक वळणावर तिथेच टेकतं. चिंदी काळी झाली की बाजू बदला. शेवटचा हात सुक्या चिंदीचा. फरक एवढाच, की रायफल ठेवताना तिच्यावर तेलाचा हलका हात ठेवतात, रुळावर ठेवायचा नाही.

एवढं करून गाडी सोडलीत तर दोन फेऱ्यांत रूळ पुन्हा काळा. कारण चाकं राहिली. इंजिन फोममध्ये उलटं ठेवा, ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी चाकांना टेकवा, चाकं फिरू लागतील. फिरत्या चाकावर दातकोरणं हलकं धरलं की काळी वाटोळी साल निघते. इथे द्रव काही वापरायचं नाही, कारण वीज चालू आहे. बॅटरी काढल्यावर मग थेंबभर एमटीओनं पुसा. डब्यांची चाकंही बघा. प्लॅस्टिकची चाकं घाण फार गोळा करतात नि सगळीकडे वाटत फिरतात. मी हळूहळू सगळ्या डब्यांना धातूची चाकं घातली, आणि मला वाटतं, इतर कुठल्याही उपायापेक्षा त्यानं जास्त फरक पडला.

एका मालडब्याच्या पोटाखाली हार्डबोर्डचा छोटा तुकडा, खरखरीत बाजू खाली, दोन खिळ्यांवर सैल लटकवलाय. तो रुळावर घासत जातो. हा आमचा गँगमन. गाडीला जोडून रोज दहा मिनिटं फिरवायचा. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी १ एप्रिल १९९८ ला सुरू केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. प्रेक्षकांसमोर गाड्या चालवायच्या म्हणजे तिथे सबबीला जागाच नाही. आपण घरी रविवारीच डबा उघडतो आणि पाहुण्यांसमोर खजील होतो.

पेन्सिलीबद्दल नेहमी विचारतात. रूळ पुसून झाल्यावर ६बी पेन्सिल आतल्या कडेवरून एकदाच हलकी फिरवायची. ग्राफाइट वीज नेतं आणि ठिणग्या कमी करतं. जास्त लावलं तर चाकं घसरतात, म्हणून चढावर नको. माझ्या फळीवर चढ एकच आहे, राजिमच्या फाट्यावर, आणि तोही मी सोयीसाठी घातलेला. तिथे पेन्सिल नाही, फक्त चिंदी.